त्याला जाळलं कुणी?

मार्च संपत आला होता. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि टेबलावरची कार्डं उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी ठेवलेलं होतं: चष्म्याचं घर, स्टेपलर, चहाचा अर्धा कप. अशा उकाड्यात मी बर्फाची गोष्ट वाचून दाखवत होते.

डर्क विलेम्स नावाचा माणूस, हॉलंडमधल्या आस्परेनचा. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि घरात गुपचूप सभा भरवल्या, एवढ्या गुन्ह्यासाठी तो कैदेत पडला. चिंध्यांना गाठी मारून केलेल्या दोरानं तो खाली उतरला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. कैदेतल्या तुटपुंज्या अन्नानं इतका वाळला होता, की पातळ बर्फानंही त्याला तोलून धरलं. मागून धावणारा शिपाई मात्र अंगानं भरलेला. त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि तो पाण्यात गेला. डर्क वळला, परत आला आणि दोन्ही हात पुढे करून त्यानं त्या माणसाला बाहेर ओढलं. शिपाई त्याला सोडायला तयार होता, पण काठावरून नगरप्रमुख ओरडला, की घेतलेली शपथ आठव. शिपायानं आपला जीव वाचवणाऱ्यालाच धरलं. १६ मे १५६९ या दिवशी डर्कला जिवंत जाळलं.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात शत्रूंवर प्रीती करायला सांगितलं आहे, त्या ४४व्या ओवीसाठी मी ही गोष्ट निवडली होती. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. मग वसईच्या सिस्टरनी विचारलं, "बाई, त्याला जाळलं कुणी?"

कार्डावर 'अधिकाऱ्यांनी' असा शब्द होता. मी तोच म्हणाले.

"कुठल्या अधिकाऱ्यांनी?"

त्यांना उत्तर ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ते कार्ड लिहिताना कॅथलिक हा शब्द माझ्या पेनच्या टोकावर आला होता आणि सिस्टर समोर बसणार आहेत म्हणून मी तो गिळला होता. त्यांनी हात पुढे करून कार्ड घेतलं. "आमच्याच माणसांनी ना? मग तसं लिहा. नाव गाळलं तर वाचणाऱ्याला वाटेल, जाळणारे कुणी राक्षस होते. रोज मिस्सा ऐकणारी माणसं होती ती."

आमच्या कामातलं ते चाळिसावं की पन्नासावं कार्ड असेल. पण काम खऱ्या अर्थानं सुरू झालं ते त्या दुपारी.

काम असं होतं. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी शास्त्रातलं एक वचन आणि त्याच्या खाली त्या वचनावर उजेड पाडणारी एक गोष्ट. गोष्टी साऱ्या ख्रिस्ती परंपरांतल्या हव्यात, ही अट. सकाळच्या चहाआधी घरात कुणीतरी मोठ्यानं वाचावं, एवढीच लांबी. आम्ही चौघं होतो. मी नगर जिल्ह्यातली, शाळेतून निवृत्त झालेली, पाळकाची मुलगी. वसईच्या सिस्टर. एक तरुण पाळकसाहेब. आणि कोट्टयमहून ऐन तारुण्यात पुण्याला येऊन खडकीच्या कारखान्यात नोकरी केलेले एक सिरियन ख्रिस्ती गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळेच अच्चायन म्हणायला लागलो. कार्डं ठेवायला बुटांचा खोका. प्रत्येक कार्डावर पाच रकाने: वचन, गोष्ट, परंपरा, कोण, आधार.

रोजच्या वचनाची कल्पना आमची नव्हती. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन मंडळीनं १७२८ साली ती सुरू केली आणि १७३१ पासून दर वर्षी त्यांची छापील पुस्तिका निघते. तिथली जुन्या करारातली वचनं चिठ्ठ्या टाकून निवडतात. आपल्याकडे वर्षअखेरीच्या रात्रीच्या उपासनेत टोपलीतून वचनाचं कार्ड उचलतात, त्याच जातीची गोष्ट. लहानपणी मी ते कार्ड वर्षभर कंपासपेटीत ठेवायची.

डर्कच्या त्या दुपारनंतर घरी आले आणि माझ्या बाजूचं शोधायला बसले. आमची नगरची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. त्या मिशनचे लोक १८१३ साली मुंबईला आले आणि १८३१ पासून नगरला राहिले. त्यांच्या शिकवणीचा माग काढत गेलं तर तो कॅल्व्हिनला जाऊन मिळतो. तर डर्कला जाळल्यावर तीन वर्षांनी, आस्परेनपासून फार लांब नसलेल्या गोर्कम गावात कॅल्व्हिनपंथी बंडखोर शिरले. त्यांनी कॅथलिक धर्मगुरू पकडले, हाल केले, ख्रिस्तप्रसादावरची आणि पोपवरची श्रद्धा सोडा म्हणून छळलं. बहुतेकांनी सोडली नाही. ९ जुलै १५७२ रोजी ब्रील इथे एका कोठारात १९ जणांना फासावर दिलं. बंडाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज, त्यानं धर्मगुरूंना धक्का लावू नका असं लिहून धाडलं होतं. ते पत्र धाब्यावर बसवलं गेलं.

चाळीस वर्षं मी शब्बाथशाळा घेतली. रक्तसाक्षींच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही कुणाला सांगितली नव्हती. पुढच्या बैठकीत ती वाचताना माझा आवाज 'कॅल्व्हिनपंथी' या शब्दाशी अडखळला. सिस्टर खाली पाहत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही समोरासमोर छापायच्या?"

पाळकसाहेबांचा जीव वर-खाली झाला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "बाई, आमच्या गावात आता कुठे आम्ही एकमेकांच्या नाताळाला जायला लागलोय. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आमच्यातली माणसं जातात, पण घरी सांगत नाहीत. आणि सकाळी उठून ही उणीदुणी वाचायची?" आम्ही दोन तास बोललो. शेवटी त्यांनीच तोड काढली. "ठीक आहे, ठेवा. पण विशेषणं काढा. क्रूर, धर्मांध, निर्दय, सगळी काढा. काय झालं तेवढं लिहा." माझ्या तीस वर्षांच्या मास्तरकीत मुलांना निबंध लिहायला शिकवताना मी विशेषणं वाढवायला सांगत आले होते. मी लाल पेन घेऊन बसले आणि दोन्ही कार्डांवरची मिळून चौदा विशेषणं खोडली. गोष्टी आणखी जड झाल्या.

डर्कच्या कार्डावर आणखी एक अडचण होती आणि ती पंथाची नव्हती. शेवगावकडच्या एका म्हाताऱ्या वाचकानं नमुन्याचं पान वाचून विचारलं, "बर्फावरून माणूस चालतो?" त्यांनी बर्फ पाहिलेला गोळेवाल्याच्या गाडीवर. मग मी वाक्य लिहिलं: तापल्या दुधावर साय धरते तसा थंडीत तळ्यावर बर्फ धरतो, काठाला जाड, मध्ये पातळ. त्या आजोबांनी मान डोलावली. यान लायकन या चित्रकारानं १६८५ च्या रक्तसाक्षींच्या ग्रंथासाठी या प्रसंगाचं चित्र कोरलं आहे. त्यात डर्क वाकलेला आहे, पाण्यातल्या माणसाचे हात वर आहेत आणि डर्कचे हात त्यांच्यापाशी पोचत आहेत. मी ते चित्र मोठं करून घेतलं आणि ते आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

वचन आधी की गोष्ट आधी, हा झगडा शेवटपर्यंत चालला. वचन हाती घेऊन गोष्ट शोधायला निघालं की गोष्ट बारीक व्हायची. खुंटीला अडकवलेल्या कोटासारखी, आत माणूस नाही. उलट एखादी गोष्ट नुसती ऐकत राहिलं, चार दिवस मनात घोळवली, की कुठलं वचन तिच्यात आधीपासून आहे ते आपोआप कळायचं. अब्बा मोझेसचं तसं झालं.

हा चौथ्या शतकातला इजिप्तमधला तपस्वी, आधी दरोडेखोर. स्केटिसच्या वाळवंटात, आज ज्याला वादी नत्रून म्हणतात तिथे, तो राहायचा. एका भावाच्या हातून चूक झाली म्हणून बाकीचे न्याय करायला जमले. मोझेसला बोलावलं, तो गेला नाही. पुन्हा निरोप आला तेव्हा तो एक गळकं भांडं पाण्यानं भरून, खांद्यावर घेऊन निघाला. पाठीमागं पाण्याची रेघ. हे काय म्हणून विचारलं, तर त्यानं सांगितलं त्याचा अर्थ असा, की माझी पापं माझ्या मागं सांडत आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. ते ऐकून त्या भावाला क्षमा करून सगळे उठले.

मी ही गोष्ट छापण्याआधी शब्बाथशाळेत करून पाहिली. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोक पाडलं, पाणी भरलं आणि दारापासून वेदीपर्यंत चालत गेले. शहाबादी फरशीवर काळपट रेघ उमटत गेली. मुलं आधी हसली. मग एकेक मान रेघेबरोबर फिरायला लागली आणि वर्गात नुसता थेंबांचा आवाज राहिला. मी गोष्ट सांगितली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, पण त्या भावानं केलं तरी काय होतं?"

मला सांगता येईना. पुस्तक उघडलं. लिहिलेलंच नाही. चूक केली, एवढंच. तोवर मागची पोरं सुरू झाली होती: चोरी केली असेल, खोटं बोलला असेल, दारू प्याला असेल. मला एकदम जाणवलं, की इथे याच क्षणी ती सभा भरली आहे आणि भाऊ मध्ये उभा आहे. मी मुलांना ते सांगितलं. ज्या मुलीनं विचारलं होतं ती उठली, कोपऱ्यातलं फडकं घेऊन आली आणि माझ्यामागची फरशी पुसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यांनी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्यांनी सगळ्यात चविष्ट भाग बाहेर ठेवला होता. त्यानंतर मी खोक्यातली सगळी कार्डं पुन्हा काढली. कुणाच्या पश्चात्तापाची गोष्ट सांगताना मी त्याच्या आधीच्या पापांना जितक्या ओळी दिल्या होत्या, त्या बहुतेक काढून टाकल्या.

शब्दांवरून तर किती वेळ गेला! आमची मंडळी, सिस्टरांची ख्रिस्तसभा. आमचे पाळक, त्यांचे धर्मगुरू. आमचं प्रभुभोजन, त्यांचा ख्रिस्तप्रसाद, अच्चायनांचं कुर्बाना. सुरुवातीला मी सगळीकडे आमचे शब्द घातले, कारण माझ्या कानाला तेच मराठी वाटायचे. गोर्कमच्या धर्मगुरूंनी प्रभुभोजनावरची श्रद्धा सोडली नाही, असं मी चक्क लिहिलं होतं. ज्या अर्थासाठी ती माणसं फासावर गेली तो अर्थ मी एका शब्दानं पुसला होता. सिस्टरनी काही न बोलता तो शब्द गोल केला. ठरलं, की गोष्ट ज्यांची, शब्द त्यांचे. मरियेचं नाव ज्या गोष्टीत आहे तिथून ते काढायचं नाही, आणि ज्यांच्या गोष्टीत नाही तिथे घालायचं नाही.

या बाबतीत मला रमाबाईंचा मोठा आधार वाटला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथल्या सिस्टरांचा लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी हरकत घेतली. ही अक्षरं आपल्या भाषेत का नकोत, लॅटिनमध्ये असं काय आहे जे संस्कृतात नाही, असं त्यांनी विचारलं. पुढे त्याच बाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, आणि मुक्तिसदनातल्या बायकामुलींनी त्याचे खिळे जुळवले. आणि त्यांच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. जन्मानं इंग्रज माणूस, शास्त्रातली सगळी कथा मराठी ओवीत सांगतो. छापली मात्र रोमी अक्षरात. आम्ही चौघं ज्या टेबलाशी भांडत होतो त्याच्या दोन्ही बाजूंनी हे लोक बसलेत, असं मला कधीकधी वाटायचं.

आधाराच्या रकान्यापायी पुष्कळ चांगल्या गोष्टी गेल्या. संत फ्रान्सिसच्या नावानं जगभर म्हटली जाणारी शांतीची प्रार्थना मी लहानपणापासून पाठ केली आहे. ती १९१२ साली एका फ्रेंच मासिकात, लेखकाच्या नावाशिवाय, पहिल्यांदा छापली गेली. फ्रान्सिस त्याच्या सातशे वर्षं आधीचा. मग 'कोण' या रकान्यात 'अनामिक, १९१२' लिहिलं. पाळकसाहेब हळहळले, पण ते कार्ड राहिलं.

आता चुकलं ते सांगते.

क्षमेच्या वचनासाठी मी कोरी टेन बूमची गोष्ट घेतली होती. हार्लेमच्या घड्याळजीची मुलगी, डच रिफॉर्म्ड परंपरेतली. ज्यूंना घरात लपवलं म्हणून १९४४ मध्ये सगळं घर पकडलं गेलं. कोरी आणि तिची बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छावणीत गेल्या. डिसेंबरात बेट्सी तिथे वारली. १९४७ साली म्युनिकमध्ये कोरी क्षमेवर बोलली आणि सभा संपल्यावर एक माणूस हात पुढे करून समोर आला. छावणीतला पहारेकरी. तिनं त्याच्या हातात हात दिला. कार्डावर बसावी म्हणून मी ही गोष्ट अकरा ओळींत आणली.

तीस पानांचा नमुना झेरॉक्स करून काही गावांत बायकांच्या सभांना दिला होता. दोन महिन्यांनी एका गावी अभिप्राय घ्यायला गेले. प्रार्थना झाली, चहा झाला, सगळ्या गेल्या, एकजण सतरंजी गुंडाळत मागे राहिली. म्हणाली, "बाई, तुमची ती छावणीची गोष्ट आमच्या घरी वाचली. मी माहेरी आले होते. भाऊ, वडील, सगळे बसले होते. त्या बाईनं एवढं सोसून माफ केलं, तुला काय झालं, म्हणाले. मग मी परत गेले." एवढं बोलून तिनं मनगटावरची बाही खाली ओढली. सतरंजी नीट गुंडाळली आणि भिंतीशी उभी केली.

मी तिला काय म्हणाले ते मला आठवत नाही. एसटीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत त्या पानाच्या वीस प्रती होत्या. स्टँड येईपर्यंत मी त्या हातात धरून होते.

अकरा ओळींत बसवायला मी काय काय कापलं होतं, ते त्या रात्री पाहिलं. छावणी संपली होती, हे कापलं होतं. त्या माणसाच्या हातात आता किल्ल्या नव्हत्या, तो क्षमा मागायला आला होता, हे कापलं होतं. कोरीचा हात आधी उचललाच गेला नाही, ती खिळल्यासारखी उभी राहिली, मनातल्या मनात प्रार्थना करत राहिली, हेही कापलं होतं. कुणी तिचं कोपर धरून हात पुढे केला नव्हता. आणि लढाईनंतर तिनं ब्लुमेंडालला पोळलेल्या माणसांसाठी घर उघडलं होतं, जिथं लोकांना सावरायला हवा तितका वेळ मिळायचा. मी ती गोष्ट इतकी गुळगुळीत केली होती, की कुणीही ती उचलून एका बाईला मारायला वापरू शकलं.

कार्ड पुन्हा लिहिलं. त्याला इतर कार्डांच्या दुप्पट जागा मागितली आणि मिळवली. त्यात एक वाक्य माझं आहे: कोरीला कुणी परत छावणीत जा म्हणालं नव्हतं. वचनही बदललं. सात वेळा की सातांच्या सत्तर वेळा, या प्रश्नाऐवजी लूकच्या सतराव्या अध्यायातली तिसरी ओवी घेतली. तिच्यात चुकलेल्या भावाला आधी दटावायला सांगितलं आहे आणि तो पस्तावला तर क्षमा करायला. आमच्या उपदेशांत त्या ओवीचा पुढचा अर्धा भागच जास्त ऐकू येतो.

समोरच्या पानावर कोण, हे मात्र अच्चायनांनी सुचवलं. त्याच राव्हेन्सब्रुकमध्ये, त्याच महिन्यांत, मदर मारिया स्कोब्त्सोवा होती. ऑर्थोडॉक्स संन्यासिनी, रशियातून परागंदा होऊन पॅरिसला आलेली. तिनं तिथे लुर्मेल रस्त्यावर घर घेतलं होतं. उपाशी, बेघर, नंतर ज्यू, जो येईल त्याला दार उघडं. जुलै १९४२ मध्ये हजारो ज्यू एका सायकल शर्यतीच्या मैदानात कोंडले गेले, तेव्हा ती आत शिरली आणि कचरा नेणाऱ्यांच्या मदतीनं कचऱ्याच्या डब्यांतून काही मुलं बाहेर काढली. ३१ मार्च १९४५ ला ती छावणीत मेली. शेवटी ती दुसऱ्या बाईच्या जागी मरणाला गेली असंही सांगतात. त्याला पक्का आधार नाही म्हणून ते वाक्य आम्ही घेतलं नाही. क्षमेच्या पानासमोर दार उघडणाऱ्या बाईचं पान आलं. सतरंजी गुंडाळणारी ती बाई आता कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही. ती आहे, एवढं लिहिते.

तिसऱ्या वर्षी खोका जवळजवळ भरला तेव्हा मी सगळी कार्डं पलंगावर पसरली. पाहिलं तर निम्म्याहून जास्त माणसं मारली गेलेली. बुडवलेली, जाळलेली, फासावर दिलेली, उपाशी ठेवलेली. १५ फेब्रुवारीच्या पानावर लिबियाच्या किनाऱ्यावर २०१५ साली मारलेले एकवीस जण होते, वीस कॉप्टिक आणि एक घानाचा. २०२३ मध्ये रोमनं आपल्या रक्तसाक्षींच्या यादीत त्यांची नावं घेतली, ती बातमी सिस्टरनी धावत आणून दिली होती. ते पान मला फार मोलाचं वाटतं. तरी पलंगावरची ती रास बघून मला धाप लागल्यासारखं झालं. मरणाची गोष्ट लिहायला सोपी असते, शेवट आयता मिळतो. पण पुस्तिका वाचणारं घर सकाळी उठून दूध तापवणार, डबे भरणार. लक्ष्मीबाई टिळकांच्या मनातलं सोवळं-ओवळं गळून पडलं त्याची गोष्ट मी घेतली होती, प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायाखाली. तशी कार्डं फार थोडी होती.

त्याच वर्षी जानेवारीत अच्चायनांच्या पत्नी गेल्या. उत्तम शुक्रवाराच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे तपासलेली पानं आणायला गेले. पिंपरीतला तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. त्या गुरुवारी सिरियन ख्रिस्ती घरांत पेसहा अप्पम करतात, बिनखमिराचा, तांदळाच्या पिठाचा, वर झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या पानाचा क्रूस. त्याला इंद्री अप्पम असंही म्हणतात. क्रुसावरच्या चार लॅटिन अक्षरांचं मल्याळी तोंडात झालेलं ते रूप, असं सांगतात. त्या संध्याकाळी अच्चायनांचं स्वयंपाकघर कोरडं होतं. ओटा पुसलेला, गॅसची शेगडी झाकलेली. मला वाटलं, एकटे आहेत म्हणून. मी पानं घेऊन उठणार तेवढ्यात त्यांनी बसा म्हणून खूण केली.

सातच्या सुमारास बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं, स्टीलचा डबा घेऊन. पाच मिनिटांनी समोरच्या इमारतीतली एक बाई, हातात झाकलेलं पातेलं. मग आणखी एक घर. वर्षात ज्या घरी माणूस गेलं त्या घरानं अप्पम करायचा नाही, शेजाऱ्यांनी आणायचा. कुणी सांत्वनाचं बोललं नाही. डबे टेबलावर ठेवले, चपला दाराशी नीट लावल्या, सगळे उभे राहिले. मोठ्या माणसानं अप्पम मोडायचा असतो. अच्चायनांनी पानाचा क्रूस उचलून बाजूला ठेवला, प्रार्थना म्हटली. मला त्यातला येशूचा उल्लेख तेवढा कळला. त्यांचा हात थरथरत होता, तरी तुकडे सारखे पडले. वयाच्या क्रमानं एकेकजण पुढे होऊन दोन्ही हातांच्या ओंजळीत तुकडा घेत होता. मी मागे सरकले. हे त्यांचं, मी नगरची. "बाई," ते मराठीत म्हणाले, "या." मी ओंजळ केली. नारळाच्या दुधात गूळ विरघळवलेलं गोड पाल होतं सोबत, आपल्या गव्हाच्या खिरीच्या वासाचं. मी तुकडा त्यात बुडवला.

घरी येऊन त्याच रात्री कार्ड लिहिलं. रोमकरांस पत्र, बारावा अध्याय, पंधरावी ओवी, जिथे आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि रडणाऱ्यांबरोबर रडण्याबद्दल आहे. परंपरा: सिरियन ख्रिस्ती. 'कोण' या रकान्यात मी शेजारी असं लिहिलं. 'आधार' या रकान्यात पुस्तकाचं नाव घालता येईना, तिथे तारीख घातली. पुढच्या बैठकीत कार्ड अच्चायनांपुढे सरकवलं आणि दुसरीकडे पाहत बसले. त्यांनी खिशातून पेन काढलं, दोनदा वाचलं. मी एका ठिकाणी सवयीनं भाकर लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी अप्पम केलं. मग थांबले, आणखी एकदा वरून खाली नजर फिरवली आणि कार्ड माझ्याकडे परत दिलं.

"उडदाची डाळ राहिली, बाई. तांदळाबरोबर उडीद असतो. तो लिहा."